रानातले पाडस आणि आपली दया

चाळीसगावाहून पाटणादेवीच्या दर्शनाला जाणारी मंडळी पुष्कळ. देवीचे राऊळ डोंगराच्या कुशीत, आणि भोवती गौताळा औट्रमघाटचे रान. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. देवीचे दर्शन झाले म्हणजे कुणी केदारकुंडाकडे, कुणी पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायवाटेने निघतात. अशा वेळी वळणावर एकाएकी एक जनावर उभे दिसते. शेळीएवढे, तांबूस अंगाचे, बारीक पायांचे. काळे शेपूट सारखे हलते आहे. माणूस म्हणतो, "अरे, कुणाची बकरी चुकली वाटतं!" एवढे म्हणेपर्यंत ते झुडपाआड गडप होते. ती बकरी नव्हे, तो चिंकारा.

हे हरणाच्या जातीचे जनावर. खांद्याशी उंची दोन फुटांच्या आसपास. दाट अरण्यापेक्षा काटेरी झुडपांचे उजाड माळ त्याला मानवतात. पाला खाऊन त्यातल्याच ओलाव्यावर पाण्यावाचून दिवसचे दिवस काढते. सातपुड्यात यावलचे अभयारण्य १९६९ सालचे; तिथेही ते राहते. शोधायला जावे तर दिसत नाही, आणि नामाच्या नादात चालावे तर समोर उभे! न मागता मिळाले ते दर्शन.

पण खरी परीक्षा पुढेच असते. कधी गवतात एकटेच पाडस दिसते. अंग चोरून, मान जमिनीला टेकून पडलेले. आपण जवळ गेलो तरी हलत नाही. आपले मन कळवळते, "आई टाकून गेली बिचाऱ्याला!" मग कुणी उचलतो, उपरण्यात गुंडाळतो, घरी नेऊन गाईचे दूध पाजतो. दुधाने हगवण लागते, भीतीने काळीज फाटते, आणि बहुधा ते लेकरू जगत नाही. दया केली, आणि जीव गेला.

अहो, आई टाकून गेलेली नसते! तीच त्याला लपवते आणि आपण मुद्दाम दूर चरते, म्हणजे तिच्या मागावर आलेल्या लांडग्याला पिलाचा पत्ता लागू नये. स्तन्य पाजायला ती पुन्हा येते. आपण तिथे उभे, तोवर ती येत नाही. म्हणजे त्या माउलीच्या वाटेत धोंड कोण? आपणच.

श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात भरतराजाची कथा आहे. सिंहाच्या गर्जनेने घाबरून गाभण हरिणीने नदीवर उडी घेतली, पाडस प्रवाहात पडले, आणि हरिणी मेली. भरताने ते उचलले. ते पाडस खरोखर पोरके होते, म्हणून उचलण्यात दोष नव्हता. पुढे 'माझे, माझे' म्हणत तो गुंतला आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. आपल्यापुढच्या पाडसाची तर आई जिवंत! तिथे आपले 'माझे' पहिल्याच क्षणी सुरू होते.

तेव्हा काय करावे? हात लावू नये. गलका करू नये, बरोबरचे कुत्रे आवरावे, आल्या वाटेने मुकाट्याने मागे फिरावे. आई मेलेली डोळ्यांनी दिसली किंवा पिलू जखमी असले, तर वनरक्षकाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने असे पिलू घरी नेणे हा गुन्हाच आहे. पण वारकऱ्याला कायद्याचा धाक कशाला हवा?

पंढरीत गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही, तर आपण दुरून कळसाला हात जोडतो. वारी पुरी झाली म्हणतो. कळस उपटून घरी आणत नाही. रानातल्या जीवाचे दर्शन हे कळसाचे दर्शन जाणावे. दुरून हात जोडावे, वाट मोकळी करावी. ज्याची माउली येते आहे, त्याच्या मधे उभे न राहणे, हीही दयाच आहे.

रामकृष्णहरी!