मेलेल्या बॅटरीचं काय करायचं

ट्रॅक्टरची बॅटरी कामानं मरते त्यापेक्षा बसून जास्त मरते. हंगाम संपून ट्रॅक्टर शेडात उभा राहिला की तिच्यातला करंट आपोआप उतरत जातो. तशीच उतरलेली राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग चार्जिंगला लावूनही ती पहिल्यासारखी भरत नाही. म्हणून आमचे थोरले चुलते, अण्णा, भर पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर चालू करून वस्तीभोवती फिरवायचे. डिझेल जाळता कशाला म्हटलं, तर म्हणायचे, "दावणीला बांधून ठेवला तर बैलाचंबी पाय धरत्यात."

महिन्याला सहाही झाकणं उघडून पट्ट्या पाण्यात बुडाल्यात का ते बघायचं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, ते कधीच नाही. टर्मिनलवर आलेला फुलोरा सोड्याच्या पाण्यानं धुऊन वर व्हॅसलीन लावायचं. वायर सोडताना आधी मायनसची, जोडताना शेवटी मायनसची, म्हणजे पान्हा लोखंडाला लागून ठिणगी उडत नाही. आणि हे चाललेलं असताना शेडात बिडी कुणी पेटवायची नाही, पाहुण्यानंसुद्धा नाही. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पाहुणा ओळखत नाही.

एवढं केलं की तीन वर्षांची बॅटरी पाच वर्षं जाते. पण जाते म्हणजे शेवटी जातेच. सेल्फ मारला की नुसतं टकटक होतं. थोडे दिवस उतारावर लावून, माणसांकडून ढकलून निभतं. मग नवी आणावी लागते.

जुनीचं काय, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. तालुक्याचा दुकानदार ती घेऊन नवीच्या किमतीत सूट देत होता. सायकलवरचा भंगारवाला दारात येऊन वजनावर त्याच्यापेक्षा दोनशे रुपये जास्त देत होता, तेही रोख. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. "आपण ज्वारी विकतो तवा कोण खातंय ते इचारतो का? इकली, इषय संपला."

ज्वारीपुरतं ते खरं आहे. पण ज्वारी खाऊन कुणी मरत नाही. या बॅटरीच्या वजनातलं निम्म्याहून जास्त शिसंच. भंगारवाला ती कुऱ्हाडीनं फोडतो, तेजाब ओढ्यात ओततो आणि शिसं घराशेजारच्या चुलाणावर वितळवतो. त्याची पोरं तिथंच खेळतात. शिसं लहान पोराच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा जास्त मुरतं आणि मेंदूला धरतं. थोडं चालतं असं त्याचं प्रमाणच नाही. मग मी भावाला विचारलं, हे जास्तीचे दोनशे येतात कुठून? ज्याला धूर अडवणारी भट्टी बांधावी लागते, त्याला ते परवडत नाहीत. ह्याला परवडतात, कारण तो खर्च त्याची पोरं आणि खालच्या अंगाची जनावरं भागवतात.

भाऊ गप्प बसला नाही, आणि त्याचं उत्तर माझ्या अजून गळ्याशी अडकलेलं आहे. "सगळी दुकानात द्यायला लागली तर त्यो काय खाईल? त्याची पोरं उपाशी मरतील, ते चाललं व्हय तुला?" कायदा माझ्या बाजूनं होता. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यायची, हा नियम 2001 पासूनचा. 2022 च्या नियमांनी तर बनवणाऱ्या कंपनीवरच ती गोळा करायची जबाबदारी टाकली. पण भावाच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हतं. भंगारवाल्याला भूक होती, जमीन नव्हती. त्याला दुसरं काम द्यायचं काम ना मी केलं होतं, ना गावानं.

अण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग आपणच वीसेक किलोचं ते धूड उभंच्या उभं, तेजाब सांडू न देता, गाडीत ठेवलं आणि दुकानात देऊन आले. आल्यावर भंगारवाल्याला बोलावून शेडामागचे गंजलेले नांगराचे फाळ, तुटकी पाइपं आणि मोडका पंप दाखवला.

"ह्ये ने," म्हणाले, "दर तूच सांग."

भंगारवाल्यानं दर कमीच सांगितला. अण्णांनी घासाघीस केली नाही. भाऊ मात्र दोनशे रुपयांचा हिशेब दिवाळीपर्यंत काढत होता.