नकाशात नसलेला माणूस

वास्तुविद्येच्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता भेटते ती बहुधा शेवटच्या वर्षांत, ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’च्या तासाला. वास्तुविशारदांसाठीची १९८९ ची आचारसंहिता वाचून होते. समाजाच्या हिताची जबाबदारी त्यात लिहिलेली आहेच. पण तोवर विद्यार्थ्याच्या हाताला वळण लागून गेलेले असते. ते वळण ज्युरीत, म्हणजे डिझाइनच्या परीक्षणात लागते, म्हणून प्रश्नही तिथेच विचारायला हवा: इथे राहणार कोण?

व्यवसायात याचे उत्तर देणारा समोर नसतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात वास्तुविशारदाची फी बहुतेकदा बिल्डर देतो. राहणारा उगवतो तो बुकिंगच्या वेळी. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती घ्या. महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. नोंदणी क्रमांकावर विसंबून कर्ज काढणारी कुटुंबे मधल्यामध्ये सापडली. हे प्रकरण न्यायालयात नेणारा एक वास्तुविशारदच होता, हेही वर्गात सांगावे.

याच पट्ट्यात शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ जण गेले. वर मजले चढत होते आणि खाली माणसे राहत होती. नकाशाला ‘बांधकाम चालू’ एवढेच कळते. त्याच इमारतीत कुणी रात्रीचा स्वयंपाक करत असेल, हे कळायला वेगळी नजर लागते.

ती नजर व्याख्यानाने येत नाही. आपल्याकडे ‘मेझर्ड ड्रॉइंग’साठी विद्यार्थ्यांना वाडे, देवळे मोजायला नेतात. उत्तम सवय आहे. पण एकदा डोंबिवलीतली वन रूम किचनची खोली मोजू द्यावी, तीही रात्री अकराची. गाद्या कुठे पडतात, रात्रपाळीवाला दिवसा कुठे झोपतो, आजी अंधारात कुणाला ओलांडून मोरीपर्यंत जाते, हे सगळे मापासह कागदावर यावे. गंमत अशी, की वर्गातल्या काही मुलांचे घर असेच असते. ते घर ती लोकलमध्ये बसतानाच मागे ठेवून येतात आणि शीटवर डोंगरातले रिसॉर्ट काढतात, कारण मार्क त्याला पडतात.

शिवाय वाडा ‘कशाला मोजताय?’ विचारत नाही. खोलीतली बाई विचारेल. ‘सबमिशन आहे’ एवढ्याने तिचे समाधान होणार नाही. काढलेला नकाशा आधी तिला दाखवावा; तिने चूक दाखवली तर ज्युरीआधी ती दुरुस्त करावी.