संकटाने श्रद्धा वाढते का?



कोणाच्या घरी दुःख आले की आपण सांत्वनाला जातो आणि सहज बोलून जातो, "देव तुमची परीक्षा पाहत आहे. सहन करा, श्रद्धा वाढेल." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हे वाक्य खरे आहे का?

संत पौल रोमकरांना शिकवतो की, संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते. संत याकोबही परीक्षेत आनंद मानायला सांगतो. परंतु आपला अनुभव दुहेरी आहे. एकाच संकटातून एक माणूस देवाच्या अधिक जवळ येतो, तर दुसरा कायमचा दूर जातो. संकट दोघांना सारखेच असते; मग फरक कशामुळे पडतो?

याचे उत्तर महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या शिवारात सापडते. पेरणीनंतर पाऊस काही दिवस उघडला की भारी काळ्या जमिनीतली पऱ्हाटी ओल शोधत मुळे खोल नेते. तोच खंड मुरमाड, हलक्या रानात पडला तर रोप करपते. म्हणजे ऊन मूळ देत नाही. मुळाला जागा माती देते. डवरणी वेळेवर झाली, भेगा बुजल्या, तर ओल अधिक दिवस टिकते. आणि खंड फारच लांबला तर भारी जमिनीतले पीकही मान टाकते. प्रभू येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात हेच सांगितले. खडकाळ जागेतले रोप उन्हाने वाळले, कारण त्याला मूळ नव्हते.

पंडिता रमाबाईंचे जीवन या दृष्टीने पाहावे. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. हाती लहानगी मनोरमा. या दुःखांनी त्यांची श्रद्धा आपोआप वाढली नाही. उलट प्रश्नच वाढले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. तरीही प्रभूची खरी ओळख आपल्याला पुढे कित्येक वर्षांनी झाली, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन असे उभे राहिले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या मुलीला उपाशी लेकरांचे डोळे ओळखीचे होते. १९२१ साली मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपर्यंत सोडले नाही.

श्रद्धेची वाढ ही अशी असते. ती एका रात्रीत होत नाही आणि तिच्यात प्रश्न विचारायला मनाई नसते. ईयोब देवाशी भांडला, तरी देवाने त्याला दोष दिला नाही. देवाने दोष दिला तो त्याच्या मित्रांना. ते मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तोवर सारे ठीक होते. दुःखाची कारणे सांगायला लागले तेव्हा ते चुकले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. नापिकी आणि कर्जापायी कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतःचे जीवन संपवले. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा घरासमोरून जाताना "त्याची श्रद्धाच कमी पडली" असे कोणी म्हणू नये. जीवन देवाची देणगी आहे, ते आपल्या हाताने संपवू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहेच. पण तोच कॅटेकिझम सांगतो की, तीव्र मानसिक यातना आणि भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशांच्या तारणाची आशा सोडू नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्या घरातली विधवा आणि मुले यांना आपला न्यायनिवाडा नको, आपली सोबत हवी असते.

धीर धरणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. कर्जाबद्दल बोलणे, मदत मागणे, डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने, हा प्याला टळावा अशी विनवणी केली आणि शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली, तर आपण ती मागायला का लाजावे?

म्हणून दुहेरी काम आहे. सुखाच्या दिवसांतच माती तयार करावी. रोजची प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन आणि रविवारची मिस्सा यांनी ओल मुरते. आणि शेजाऱ्याच्या रानात खंड पडला असेल तर उपदेश न करता डवरणीला हात लावावा. या आठवड्यात अशा एका घरी जा. थोडे बोला, जास्त ऐका आणि निघताना विचारा, "मी काय करू?"

प्रभू आपणा सर्वांना धीर देवो आणि एकमेकांचा धीर होण्याची कृपा देवो. आमेन.