पितृऋण आणि दप्तराची साक्ष

आपल्या कुळाचा वृत्तान्त शोधून काढावा अशी इच्छा मनुष्यास होते, तेव्हा तिच्या मुळाशी बहुधा अभिमान असतो. कोणी शूर पुरुष, कोणी दाता, निदान कोणी मानाचा वतनदार आपल्या वंशात निघावा, अशी आशा धरूनच तो जुने रुमाल सोडतो. परंतु कागद हा भाट नव्हे. त्यातून जे निघेल ते सर्व सांगण्यास शोधक बांधलेला आहे काय, हा प्रश्न मग नीतीचा होऊन बसतो.

वेण्णेच्या काठचे मेढे हे जावळी तालुक्याचे ठाणे. या जावळीवर चंद्रराव हा किताब धारण करणाऱ्या मोऱ्यांचा अंमल होता व 1656 साली शिवाजी महाराजांनी ती घेतली. एका बाजूने पाहता हा स्वराज्याचा विस्तार. दुसऱ्या बाजूने पाहता एका जुन्या घराण्याचा अस्त. जेथे एकाच प्रसंगाची आठवण एका घरी उत्सवाची आणि दुसऱ्या घरी शोकाची असू शकते, तेथे घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ आपल्या अंगणातून पाहून भागत नाही.

शिवाय कागद कोणाविषयी बोलतो, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडात 1538 साली प्रत्येक धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला. त्यामुळे तेथील मजुराच्या वंशजासही आपल्या पणजोबाचे नाव पुष्कळदा सापडते. आपल्याकडील सनदा, महजर व निवाडे मुख्यतः वतन आणि जमीन यांपायी लिहिले गेले. सातारचे राज्य 1848 साली खालसा झाल्यावर इनाम कमिशनने जी चौकशी केली, तीही हक्काचीच. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून व 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करून हे कागद वाळवीच्या तोंडातून वाचविले, हे उपकार थोर आहेत. तथापि ज्यास वतन नव्हते त्याचा कागद मुळात झालाच नाही. वंशावळीत मुलगे तेवढे दिसतात. लेकीसुना दिसत नाहीत. दप्तराचे मौन म्हणजे त्या माणसांचा अभाव, असे समजणे हाच पहिला अन्याय होय.

आता असे समजा की, एखाद्या कुटुंबास जुना महजर सापडला आणि मूळ पुरुषाने खोटी साक्ष उभी करून शेजाऱ्याचे शेत बळकाविले असे त्यावरून सिद्ध झाले. घरातील वडील मंडळी म्हणतील, ‘मेलेला मनुष्य आपली बाजू मांडू शकत नाही, कशाला उकरून काढता?’ या म्हणण्यात दया आहे, पण न्याय अर्धाच आहे. ज्याचे शेत गेले तोही मेलेलाच आहे, आणि त्याची बाजू तर जिवंतपणीही कोणी ऐकली नाही. आजोबांच्या पापाची शिक्षा नातवास देऊ नये, हे खरे. दोष वारशाने येत नाही. परंतु लाभ वारशाने येतो. त्या शेताचे धान्य ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आले, त्या घराने निदान सत्य तरी नाकारू नये. पूर्वजांच्या पराक्रमाने ज्याची मान ताठ होते, त्यास त्यांच्या दुष्कृत्याशी ‘माझा संबंध नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

मात्र सत्य सांगणे आणि सर्व काही सांगणे ही दोन एक नव्हेत. एखाद्याचा जन्म, दत्तविधान किंवा दुखणे यांविषयीची जी गोष्ट केवळ जिवंत माणसाच्या काळजास घाव घालील आणि जिच्यामुळे कोणाचाही हक्क सिद्ध होत नाही, ती उघड करण्यात इतिहासाची सेवा नसून कुतूहलाची हौस आहे. ज्या गोष्टीमुळे घराची मालमत्ता व प्रतिष्ठा घडली, ती सांगावी. जिने केवळ दुःख होईल, ती राखावी. शोधकाने ही मर्यादा पाळली तर पुष्कळ अनर्थ टळतील.

हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी कागद घरोघर पाहिले जाऊ लागले. हक्काचा पुरावा शोधणे यात गैर काहीच नाही. पण उपयोगाची ओळ सापडताच उरलेला कागद पुन्हा बांधून ठेवला जातो, हे मात्र वाईट. दुसरीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयात जावळीतील गावे बुडाली व माणसे दूरदूर पांगली. ज्यांच्या देवळांवर व थळांवर पाणी आले, त्यांचा इतिहास वृद्धांच्या तोंडी तेवढा उरला आहे. तो लिहून घेण्यास सनदेची वाट पाहण्याचे कारण नाही.

महालयात पिता, पितामह व प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही नामोच्चार होतो. वंशावळीने गाळलेली नावे श्राद्धाने राखावीत, यात मोठा अर्थ आहे. पितृऋण फेडावयाचे ते पितरांना देव करून नव्हे. ती माणसे होती, चुकणारी आणि सोसणारी, असे जाणून त्यांना यथार्थ स्मरणे, हेच त्यांचे खरे तर्पण होय.