खाशाबांना आधी खेळू कोणी दिलं?

प्रवेशाचा हंगाम आला की निगडीपासून चाकणपर्यंत कॉलेजांचे फलक झळकू लागतात. हल्ली त्यांवर गळ्यात पदक घातलेले दोन-तीन विद्यार्थी असतात आणि खाली ‘आम्ही खेळाडू घडवतो’ अशी ग्वाही. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण बाकीच्या मुलांना चेंडू टाकायला जागा न देणाऱ्या कॉलेजाने खेळाच्या परंपरेचा वारसा सांगावा, हे मला मान्य नाही. तो वारसा पदकांचा नाहीच.

टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं, हे सर्वांना ठाऊक आहे. १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढणारे दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत, हेही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, १९२८ पासूनची, आणि ती विद्यार्थीच भरवतात. जाहिरातीचं म्हणाल तर तीही नवी नाही. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येलच्या विद्यार्थ्यांची पहिली नौकाशर्यत झाली, तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी मिळावेत म्हणून उचलला होता. तरी वल्हं मुलांच्याच हातात होतं.

आपल्याकडे खरं वळण आलं ते कोल्हापुरात, आणि तेच आपण चुकीचं वाचतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीगीर खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही त्यागाची गोष्ट आपण भरल्या गळ्याने सांगतो आणि तिथेच थांबतो.

तिच्या आधीची गोष्ट मात्र घाईत निसटते. खाशाबा कॉलेजात होते तेव्हा वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी किरकोळ अंगकाठी पाहून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड गडी चीत केले. त्या दिवशी कोणाला ऑलिंपिक दिसत होतं? समोर होता फक्त खेळू इच्छिणारा विद्यार्थी. माझ्या मते कॉलेजातल्या खेळाची कल्पना या परवानगीत पूर्ण झाली. घर गहाण टाकणं हा तिचा पुढचा टप्पा. निवड आधी आणि मैदान नंतर, हा क्रम त्या वेळी असता तर ते पदक आलंच नसतं.

पुढे क्रम उलटला. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, आकुर्डी-निगडीतही आली. त्याआधी या पट्ट्यातला खेळ भोसरीसारख्या गावांच्या तालमींत, कबड्डीच्या मैदानांवर आणि कंपन्यांच्या कामगार संघांत वाढला होता. तिथे पाळी सुटली की कोणीही उतरे. कॉलेजांना जमीन महाग पडली, मजले वाढले, मोकळ्या जागेत गाड्या लागल्या. त्यात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळू लागले आणि पालकही प्रमाणपत्राचा हिशेब मांडू लागले.

लातूर-नांदेडहून आलेला मुलगा आज आकुर्डीत कॉट बेसिसवर राहतो. खेळावंसं वाटलं तर मित्रांबरोबर वर्गणी काढून तासाच्या भाड्याने टर्फ घेतो. चाकणला कंपनीत पाळी करून डिप्लोमा करणाऱ्याला तेही परवडत नाही. फलकावर खेळाडू म्हणून ज्यांचे फोटो आहेत, त्यांना बहुतेक वेळा घरच्यांनी आणि खासगी प्रशिक्षकांनी घडवलेलं असतं. कॉलेजाने त्यांना प्रवेश दिला, एवढंच.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. या वर्षी प्रवेश घेताना पदकं किती, हे विचारू नका. मैदान कुठे आहे, ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि संघात नसलेल्या मुलाला तिथे पाय ठेवता येतो का, हे विचारा.