पळी तांब्याची, पाइप प्लास्टिकचा

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग आणि साड्यांच्या धंद्याने त्यांना इथे आणले. घर एका खोलीचे असो की तीन मजल्यांचे, देवघरात ताम्हन, पळी, पंचपात्र आणि कलश तांब्याचाच. त्या पंचपात्रात सकाळी पडणारे पाणी मात्र भिंतीत चिणलेल्या प्लास्टिकच्या पाइपातून येते. घराचे काम काढले की प्लंबर विचारतो, सीपीव्हीसी टाकू की वळणारा पेक्स? घरातले एखादे जुने माणूस वेगळेच विचारते : देवाच्या पाण्याला प्लास्टिक चालते का? तांब्याचा पाइप घालता येणार नाही का?

प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. पाण्याची शुद्धी कशाने ठरते, ते ज्या वाटेने आले त्या वाटेने की ते स्वतः कसे आहे त्यावरून, हाच तो प्रश्न आहे आणि धर्मशास्त्राने त्यावर बारकाईने विचार केला आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे सर्वसाधारण घरांत तांब्याचे नळ कधी रुळलेच नाहीत. भिंतीत होता तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे प्लंबरच्या भाषेत जीआय. काही वर्षांत तो आतून गंजायचा, त्याचे तोंड बारीक व्हायचे आणि पहाटेचे पहिले पाणी तांबूस यायचे. तांबे होते ते न्हाणीघरातल्या बंबात, घंगाळात, हंड्याकळशीत. युरोप-अमेरिकेत मात्र तांबे भिंतीत गेले आणि तिथेच त्याला प्लास्टिकचा पर्याय उभा राहिला. १९६८ मध्ये जर्मनीत थॉमस एंगेल यांनी पॉलिथिलीनच्या रेणुसाखळ्या एकमेकींत गुंफण्याची रीत शोधली, त्यातून पेक्सचा लवचीक पाइप आला. तो कोपऱ्यावर वळतो, त्यामुळे जोड कमी लागतात. गळती बहुधा जोडावरच होते, म्हणून भिंतीच्या पोटात जोड कमी असणे हा मोठाच फायदा. तो गंजत नाही, गरम पाणी सोसतो आणि तांब्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. ऊन मात्र त्याला सोसत नाही, आणि उंदीर तो कुरतडतात.

आता शास्त्राकडे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे ही भांडी क्षाराने, आंबटाने आणि पाण्याने जशी साजेल तशी स्वच्छ करावीत, असे तिथे सांगितले आहे. तांब्याला चिंच किंवा लिंबू लावून घासणारी प्रत्येक घरातली बाई हा नियम न वाचता पाळत आली आहे. त्याच अध्यायात पुढे पाण्याचा नियम येतो : जमिनीवर साठलेले, एका गाईची तहान भागेल इतके, अमंगल वस्तू न मिसळलेले आणि आपला वास, रंग, चव टिकवून असलेले पाणी शुद्ध. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीचा हा सगळा पसारा उलगडून ठेवला आहे. वाचताना जाणवते ते असे की ही परीक्षा थेट पाण्याचीच आहे. किती आहे, वास कसा, रंग कसा, चव कशी, हे विचारले आहे. ते कोणत्या धातूतून आले, हे विचारलेले नाही.

सुरतेत हा धागा एकाच धर्मापुरता राहत नाही. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय मुघलसराईत आहे. १६४४ च्या सुमारास बांधलेली ही सराई मक्केकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा होती. सुरत तेव्हा हजचे बंदर होते. नमाजाआधी वजू करण्यासाठी पाणी पाक आहे की नाही, याची इस्लामी फिकह्‌मधली कसोटीही तीन गोष्टींची आहे : रंग, वास, चव. पुरेसे मोठे पाणी थोड्याशा अशुद्धीने बिघडत नाही, हा विचारही तिथे आहे. संस्कृत आणि अरबी ग्रंथकारांनी नाक, डोळे आणि जीभ यांच्यावर सारखाच विश्वास टाकावा, आणि त्या यात्रेकरूंच्या सराईतून आज शहराच्या नळांचा कारभार चालावा, हा योग या शहराला शोभणारा आहे.

सगळे मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. १८२३ मध्ये सुरतेत पारशांच्या दोन आतश बेहराम, म्हणजे अग्निमंदिरे, प्रतिष्ठापित झाल्या आणि त्यांच्या विधींना विहिरीचे पाणी लागते. जैन घरांत पाणी गाळून, उकळून पितात. दिगंबर मुनींच्या आहारासाठी विहिरीचे पाणी गाळून घेतात आणि गाळण्यावर राहिलेले जीव सांभाळून पुन्हा विहिरीत सोडतात. इथे शुद्धीचा अर्थ आपल्या अंगाला काय लागेल एवढाच नाही, आपल्या हातून कोणता जीव मरेल हाही आहे. पाइप तांब्याचा की प्लास्टिकचा, हा वाद या निकषापुढे फार तोकडा पडतो.

तांब्याची बाजू विज्ञानानेही काही अंशी घेतली आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले तर पटकीचे आणि हगवणीचे जंतू मरतात. पण यातले सोळा तास विसरून चालणार नाही. पाइपातून पाणी क्षणात निघून जाते, तेवढ्यात तांबे जंतूंचे काय करणार? रात्रभर पाइपात साचलेल्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात उलट तांबे उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत.

तांब्याच्या पावित्र्याची सर्वांत कडू कहाणी पुण्याची आहे. सहा महिने ते तीन वर्षांची मुले पोट फुगून, कावीळ होऊन दगावत. त्या यकृतविकाराला वैद्यकाने भारतीय बालयकृतकाठिण्य असेच नाव दिले होते. १९८० च्या दशकात केईएम रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी शोध घेतला, तेव्हा या मुलांच्या यकृतात तांबे साठलेले आढळले आणि माग लागला तो स्वयंपाकघराचा. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले वरचे दूध बाळाला लवकर सुरू केले जात होते. भांडे बदला, हा सल्ला घरोघरी गेला, स्टीलही आले आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्या घरांतल्या आयांनी भांडी निष्ठेने घासली असतील, त्यांच्या मनात खोट नव्हती. धातूला पवित्र मानले आणि दुधाची परीक्षा राहून गेली, एवढेच झाले.

प्लास्टिकलाही हीच परीक्षा लावायला हवी, आणि तीही कसोशीने. नवा पेक्स पहिले काही आठवडे पाण्याला वास देऊ शकतो, आणि वास बदलला की मनूच्या नियमानेही ते पाणी नापास. कॅलिफोर्नियातले पॅराडाइज गाव २०१८ मध्ये वणव्यात जळाले, त्यानंतर तिथल्या नळाच्या पाण्यात बेंझिन सापडले. तापून वितळलेले प्लास्टिकचे पाइप हे त्याचे एक कारण होते. पाइपांसाठी लागणारे पीव्हीसीचे दाणे तर सुरतेच्या दाराशीच, हजिऱ्याच्या कारखान्यात तयार होतात, जिथे तापी समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठी. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस साजरा करणाऱ्या आणि तिला चुनरी अर्पण करणाऱ्या शहराने या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल विचारणे, हा त्याच पूजेचा भाग मानायला हवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाहून, ज्याला खानदेशात दक्षिण काशी म्हणतात, तीच नदी खाली उकाई धरणात आणि मग सुरतेच्या नळात येते. डिंडोलीतला खानदेशी माणूस गावाकडचेच पाणी पितो.

नळ आला तेव्हा त्यालाही धर्माने आधी अडवले होते. मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, पण नळातल्या चामड्याच्या वॉशरमुळे ते पाणी सोवळ्यात घेणार नाही म्हणणारी घरे कितीतरी वर्षे होती. पुढे हिवतापाचे डास रोखण्यासाठी पालिका विहिरी बुजवू लागली तेव्हा हिंदूंनी आणि पारशांनी धर्माच्या आधारे त्या राखण्याची मागणी केली. पालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी १९१८ मध्ये विहिरींच्या लोकश्रद्धांवर पुस्तक लिहिले, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. वॉशरबद्दलच्या त्या तक्रारीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. नळाने सगळ्यांना एकच पाणी दिले. दोर नाही, घागर नाही, कोणाचा हात लागला हे कळायला मार्ग नाही.

पाण्याला हात कोणाचा लागला, हाच वाद महाडला पेटला. तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे, अस्पृश्य मानले गेलेले हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्या तळ्याचा रंग बदलला नव्हता, वास बदलला नव्हता, चव बदलली नव्हती, आणि ते एका गाईची काय, गावाच्या सगळ्या गुरांची तहान भागवत होते. शास्त्राच्या स्वतःच्या कसोटीवर ते शुद्धच होते. जे ओतले गेले त्यानेच रंग-वास बदलले असतील. ज्या ग्रंथात ती कसोटी आहे तो ग्रंथ, मनुस्मृती, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच जाळला गेला. पाण्यापुरता तो डोळस राहिला, माणसापुढे आला तेव्हा आंधळा झाला, हे त्याच्या अभ्यासकांनीही मान्य करायला हवे. तळ्यावरचा हक्क न्यायालयात १९३७ पर्यंत लढावा लागला.

म्हणून देवाच्या पाण्याला प्लास्टिक चालते का, याचे उत्तर : चालते, पाणी तपासले असेल तर. रंग, वास आणि चव या कसोट्या आज पुरत नाहीत, कारण शिसे यांपैकी कशातच दिसत नाही आणि जंतूही दिसत नाहीत. आपल्याकडे पीव्हीसी पाइप टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे वापरत, त्यांना आळा घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढले. पिण्याच्या पाण्यासाठी पीव्हीसीवर आयएस ४९८५ आणि सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ चा शिक्का पाहून घ्यावा. वरच्या टाकीचे झाकण घट्ट आहे ना, तेही पाहावे. नवा पाइप पहिले काही दिवस भरपूर पाणी सोडून धुवावा. आणि जी घरे २०२१ च्या त्या नियमांच्या आधी बांधली गेली, मालकाचा मजला असो की भाडेकरूंच्या खोल्या, तिथल्या नळाचे रात्रभर साचलेले पहिले पाणी बाटलीत भरून शिशासाठी प्रयोगशाळेत द्यावे. मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.