राक्षस कोणाच्या नावे?

वाणिज्य शाखेने मला एकच तत्त्वज्ञान शिकवले : एका खात्यात जमा झाली, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलीच पाहिजे. आता याचा राक्षस मारण्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. आहे, अगदी जवळचा आहे.

आमचा भाचा संगणकावर 'स्कायरिम' नावाचा, २०११ साली आलेला खेळ खेळतो. त्यातला डाकू तलवार उपसून धावून येतो आणि हरायला लागला की शरण येतो. भाचा त्याला मारतो आणि पैसे, जोडे, झालेच तर अंगावरचे कपडेही काढून घेतो.

"अरे, शरण आला होता ना तो?"

"मामा, सोडला की उठून परत मारायला येतो. आणि तो खरा थोडाच आहे?"

कर्जवसुलीवर बसलेल्या माणसाला पहिला मुद्दा तात्काळ पटतो. दुसराही बिनतोड.

पण त्याच खेळात पार्थर्नाक्स नावाचा म्हातारा ड्रॅगन आहे. एके काळी माणसांवर जुलूम केलेला. आता डोंगरमाथ्यावर बसून स्वतःच्या दुष्ट स्वभावाशी झगडणारा. जुन्या गुन्ह्यांसाठी त्याला मार, असा 'ब्लेड्स' नावाच्या मंडळींचा हट्ट. इथे चिरंजीव दोन दिवस अडले. "त्याने मला शिकवलंय, मामा!"

म्हणजे बघा, डाकू खोटा आणि ड्रॅगनही खोटा. फरक एवढाच, की ड्रॅगनशी चार शब्द बोलणे झाले होते. काउंटरपलीकडचा टोकन नंबर सत्तावीस बोलायला लागला की 'काका' होतो, तसेच हे.

टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' या २०१५ सालच्या खेळात तर एकही राक्षस न मारता शेवट गाठता येतो. इतर खेळांत ज्यांना अनुभवाचे गुण म्हणतात, ते इथे प्राणदंडाचे गुण निघतात. बरे, एखाद्याला मारून, पस्तावून, मागे जाऊन पुन्हा खेळावे, तर खेळाला आधीचे आठवत असते. खाडाखोड चालत नाही, ऑडिटरच तो!

राक्षस खरा मरत नाही, कबूल. पण गुण तर खरेच जमा होतात ना? मग नावे कोणाच्या टाकायचे? राक्षसाच्या म्हणावे, तर त्याचे खाते आपणच बंद केलेले. उरतो फक्त खेळणारा. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकण्याआधीच हात उचलण्याची सवय त्याच्याच नावे पडते, आणि तिच्यावर व्याज चढते ते खेळाबाहेर.